नव्या मास्तरांची शिदोरी

घरात कोणी डॉक्टर झाले, की घरची माणसे त्याला औषध विचारतात. वकील झाले, की सल्ला विचारतात. पण घरात कोणी शिक्षक झाले, की सारी माणसे मिळून त्यालाच सल्ला देऊ लागतात! याचे कारण उघड आहे. दवाखान्यात आपण क्वचित जातो, कोर्टात देवाच्या कृपेने त्याहून क्वचित. परंतु शाळेत आपण सारेच दहा-दहा वर्षे बसून आलो आहोत. तेव्हा शाळा कशी चालवावी हे आपल्याला कळते, अशी प्रत्येकाची मनोमन खात्री असते.

मग बँकेतून निवृत्त झालेले मामा सांगतात, "पहिल्या दिवशी मुळीच हसू नकोस. मुले डोक्यावर बसतील." काका बजावतात, "हेडमास्तरांना दुखवू नकोस." आत्या तेवढी म्हणते, "घशाला जप गं बाई, लवंग तोंडात धरत जा." या सर्व उपदेशात खरोखर उपयोगाचा असा आत्याचाच. मग भेटी येतात. कोणी घड्याळ देते, कोणी पर्स, कोणी जेवणाचा डबा. पुस्तक मात्र कोणी देत नाही. ज्या माणसाने पुढची तीस वर्षे पुस्तकावर काढायची, त्याला शिदोरीत पुस्तक सोडून बाकी सारे मिळते, ही मोठी गमतीची गोष्ट आहे.

मी मराठीचा प्राध्यापक. जन्म साताऱ्याचा, भाकरी सांगलीची. माझ्या वर्गातून बी. ए. झालेल्या पाच-सहा मुली-मुले दरवर्षी बी. एड.च्या वाटेने जातात आणि यथाकाल शिक्षक होतात. कोणाला जत मिळते, कोणाला आटपाडी, कोणाला पाटण-जावळीच्या डोंगरातले एखादे गाव. हुद्दा बहुधा शिक्षणसेवकाचा. म्हणजे पहिली तीन वर्षे मानधनावर. ऑर्डर हातात पडली की पेढ्यांचा पुडा घेऊन ती भेटायला येतात आणि निघताना उंबऱ्यात उभी राहून विचारतात, "सर, आता काय वाचू?" हा प्रश्न दरवर्षी येतो. तेव्हा त्याचे उत्तर एकदाचे लिहूनच टाकावे म्हणतो. तुमच्या घरातही अशी एखादी लेक, सून किंवा भाचा असेलच.

या मुलांनी बी. एड.ला काही वाचलेले नसते असे नाही. हर्बार्टची पंचपदी त्यांना पाठ असते. पियाजेने सांगितलेल्या बालविकासाच्या अवस्था ती झोपेतही म्हणून दाखवतील. पाठटाचण काढण्यात तर ती इतकी तरबेज असतात, की कोणत्या मिनिटाला शिक्षकाने काय विचारायचे आणि विद्यार्थ्याने काय उत्तर द्यायचे, हे आधीच लिहून तयार! अडचण एवढीच, की वर्गातल्या मुलांनी ते टाचण वाचलेले नसते. सरावपाठाच्या वेळी मागच्या बाकावर निरीक्षक बसलेले असतात, म्हणून मुले गप्प असतात. खऱ्या वर्गात मागच्या बाकावर निरीक्षक नसतो. तिथे सकाळी शेरडांना पाला टाकून आलेला एक पोरगा असतो, आणि तो खिडकीबाहेर पाहत असतो.

म्हणून माझे म्हणणे असे, की पहिल्या वर्षी नव्या शिक्षकाला पद्धतीपेक्षा सोबतीची गरज अधिक असते. आपल्याआधीही कोणीतरी असेच घाबरत वर्गात शिरले होते, त्याचाही पाठ फसला होता, आणि तरी ते माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वर्गात गेले होते, हे ज्यांतून कळते ती पुस्तके त्याला हवीत. शिक्षक पहिल्या दोन वर्षांत एक तर घडतो, नाहीतर थिजतो. एकदा थिजला, की पुढची अठ्ठावीस वर्षे तो प्रश्नोत्तरे फळ्यावर उतरवून देतो आणि मुले ती वहीत उतरवून घेतात. ही मुले परकी नसतात, तुमची-आमचीच असतात. तेव्हा नव्या मास्तरांनी काय वाचावे, हा प्रश्न केवळ मास्तरांचा नव्हे.

वर्षाच्या क्रमानेच सांगतो.

जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी वाचावी ती व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. १९५५ साली पुस्तकरूपाने आलेली ही कादंबरी शिक्षणशास्त्राच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही. पण नव्या शिक्षकासाठी तिच्याइतके खरे पुस्तक मराठीत दुसरे नाही. औंध संस्थानातला एक कोवळा मास्तर माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो. आज हा मुलूख साताऱ्याचा माण, सांगलीची आटपाडी असा विभागला गेला आहे. वाडीवर पोचल्यावर मास्तरांच्या ध्यानात येते, की शाळा आहे पण मुले नाहीत. ती मेंढरांमागे गेली आहेत. मग मास्तरांचे खरे काम सुरू होते. ते आधी माणसे जोडतात. म्हाताऱ्या कारभाऱ्याचा विश्वास मिळवतात, कोणाचे पत्र लिहून देतात, कोणाचा तंटा ऐकून घेतात. हळूहळू चावडीत पोरे जमू लागतात. पुढे सारी वाडी खपून तालीम बांधते आणि तिच्यासाठी प्रत्यक्ष राजा वाडीवर येतो. आणि शेवटी? शेवटी दुष्काळ पडतो, माणसे मेंढरे घेऊन जगायला बाहेर जातात, वाडी ओस पडते आणि शाळा बंद होते.

नव्या शिक्षकाने हा शेवट नीट वाचावा. मास्तरांचे काही चुकले म्हणून शाळा बंद पडली नाही. पाऊस पडला नाही म्हणून पडली. आपल्या हाती काय आहे आणि काय नाही, हे ज्याला पहिल्या वर्षी उमगले, त्याची उमेद दहाव्या वर्षीही शाबूत राहते. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांमागे मुले निघून जातात आणि पटावरची नावे तेवढी मागे राहतात, हे माण-जतच्या शिक्षकाला आजही पाहावे लागते.

जुलै-ऑगस्टमध्ये नव्याची नवलाई ओसरते आणि वर्गात गोंगाट सुरू होतो. तेव्हा गिजुभाई बधेका यांचे 'दिवास्वप्न' काढावे. गिजुभाई मूळचे वकील. पुढे वकिली सोडून त्यांनी भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर चालवले. १९३२ साली गुजरातीत लिहिलेले हे छोटेसे पुस्तक मराठीतही मिळते. त्यातला शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी काढून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी मागून घेतो. पहिल्या दिवशी मोठ्या हौसेने मुलांना शांततेचा खेळ शिकवायला जातो, आणि मुले असा काही कल्ला करतात की बेत पार कोलमडतो! दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो; आणि काल छप्पर डोक्यावर घेणारी तीच मुले कान टवकारून बसतात. शेजारच्या वर्गांचे मास्तर त्याला हसतात, तो हे हसू सोसतो आणि काम चालू ठेवतो. गोष्ट कशी सांगावी, हे मात्र साने गुरुजींकडून शिकावे. १९२४ ते १९३० ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते, वसतिगृहातल्या मुलांत राहिले होते. 'श्यामची आई' आपण लहानपणी रडत वाचतो. शिक्षकाने ती पुन्हा एकदा, कोरड्या डोळ्यांनी, गोष्ट कुठे सुरू करावी आणि कुठे थांबवावी हे पाहण्यासाठी वाचावी.

गिजुभाईंचा विषय निघाला की ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना वगळता येत नाही. ताराबाईंनी भावनगरला गिजुभाईंबरोबर काम केले आणि १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचा प्रयोग मांडला. पुढे तो कोसबाडला गेला. मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे, म्हणून अंगणवाडी. मुले गुरे राखायला जातात तर शाळेने कुरणात जावे, म्हणून कुरणशाळा. 'बनगरवाडी'तल्या मास्तरांना जो पेच पडला होता, तोच या दोघींनी असा सोडवला. अनुताईंचे 'कोसबाडच्या टेकडीवरून' वाचताना हे सारे जवळून दिसते.

दिवाळीच्या सुट्टीत शिक्षक दमलेला असतो. सहामाहीचे पेपर तपासून मन खट्टू झालेले असते. मागच्या दिवाळीत माझी एक विद्यार्थिनी अशीच आली. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळच्या एका गावी ती पहिलीला शिकवत होती. म्हणाली, "सर, मला नाही जमायचे हे. बँकेची परीक्षा देते." मी विचारले, "झाले काय?" तिच्या वर्गात एक मुलगा पाच महिने तोंडच उघडत नव्हता. मुका नव्हता, मधल्या सुट्टीत खूप बोलायचा, पण कानडीत. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि मध्ये हा बिचारा!

तिला मी दोन पुस्तके दिली. एक सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांचे 'टीचर'. १९६३ साली आलेले हे पुस्तक आता मराठीतही आहे. न्यूझीलंडमधल्या माओरी मुलांना शिकवताना या बाईंच्या लक्षात आले, की पुस्तकातले सोज्वळ शब्द या मुलांच्या जगातलेच नव्हेत. मग त्या मुलालाच विचारत, तुला आज कोणता शब्द हवा? आईचा, भुताचा, भांडणाचा, जो शब्द मुलाच्या मनात असेल तोच कार्डावर लिहून त्याच्या हाती द्यायचा. आपला शब्द मूल विसरत नाही. दुसरे पुस्तक 'तोत्तोचान'. पहिल्या शाळेने काढून टाकलेली एक अवखळ जपानी मुलगी नव्या शाळेत जाते. तिथे आगगाडीच्या जुन्या डब्यांत वर्ग भरतात. मुख्याध्यापक कोबायाशी तिला समोर बसवून घेतात आणि तिचे बोलणे चार तास ऐकतात. चार तास! ही शाळा १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात जळून गेली. ती मुलगी मोठी झाल्यावर १९८१ साली तिने हे पुस्तक लिहिले. कोबायाशींच्या शाळेत मुले पन्नासच्या आसपास होती. आपल्याकडे तेवढी एकेका वर्गात असतात, हे मला ठाऊक आहे. चार तास नकोत. चार मिनिटे तरी?

माझी विद्यार्थिनी गेली आणि तिने आधी स्वतःच दहा कानडी शब्द शिकून घेतले. नीरु, ऊटा, अव्वा, बा. ती ते उच्चारताना वर्ग हसे. हसता हसता त्या पोराने एके दिवशी बाईंचा उच्चार सुधारला. वर्गातले त्याचे ते पहिले बोलणे! तो काही वर्षअखेर पहिला-बिहिला आला नाही. पण वाचू लागला. आणि बाईंनी बँकेचा अर्ज भरला नाही. यात पुस्तकांची पुण्याई किती आणि तिची स्वतःची किती, हे मला विचारू नका. तीच म्हणाली ते सांगतो: "सर, एवढे कळले की असे मूल फक्त माझ्याच वर्गात नाही."

संक्रांतीनंतर, अंगात थोडी धिटाई आल्यावर, जरा टोचणारी पुस्तके वाचावीत. शिक्षकांनी लिहिलेली पुस्तके व्यासपीठावरून वर्ग पाहतात. काही पुस्तके बाकावरून शिक्षकाकडे पाहतात. इटलीत फ्लॉरेन्सजवळच्या डोंगरात बार्बियाना नावाची वाडी आहे. तिथे मिलानी नावाच्या पाद्र्याने शाळेबाहेर फेकली गेलेली मुले गोळा केली. त्यातल्या आठ जणांनी मिळून, त्यांना नापास करणाऱ्या बाईंना एक लांबलचक पत्र लिहिले. १९६७ साली ते छापले गेले. मराठीत त्याचे नाव 'प्रिय बाई'. मुलांनी नुसते गाऱ्हाणे मांडले नाही. आकडे जमवले, तक्ते काढले आणि दाखवून दिले, की नापास होणारी पोरे बहुतेक शेतकऱ्या-मजुरांची असतात. हे पत्र वाचून राग येतो. पहिल्यांदा मुलांचा, मग बाईंचा आणि शेवटी आपल्या निकालपत्रकाचा. आपल्या सातारा जिल्ह्यातले असे पुस्तक म्हणजे लक्ष्मण माने यांचे १९८० सालचे 'उपरा'. गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव फिरणाऱ्या कैकाडी कुटुंबातला मुलगा शिकतो म्हणजे काय काय सोसतो, हे ज्या शिक्षकाने वाचले, तो हजेरी घेताना गैरहजर मुलाच्या नावापुढे नुसती फुली मारून थांबणार नाही.

आणि मार्च-एप्रिलमध्ये, 'हे सारे कशासाठी?' असे वाटू लागले, की आपल्या मातीकडे वळावे. महात्मा फुल्यांचे घराणे खटाव तालुक्यातल्या कटगुणचे. सावित्रीबाईंचा जन्म खंडाळा तालुक्यातल्या नायगावचा, साल १८३१. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी जे निवेदन दिले, ते त्यांच्या समग्र वाङ्मयात वाचायला मिळते. खेड्यातला शिक्षक शिकलेला तर हवाच, पण प्रसंगी नांगराला हात लावायला न लाजणारा हवा आणि त्याला पोटापुरता पगार हवा, अशी त्यांची मागणी होती. पुढे, जणू ती ऐकूनच, नांगर विकत हिंडणारा एक माणूस शिक्षणाच्या कामात पडला! भाऊराव पाटील हे किर्लोस्करांच्या नांगरांचे विक्रेते. १९१९ साली त्यांनी कऱ्हाडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह सुरू केले. वसतिगृहाच्या खर्चासाठी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही मोडले. आणि १९३५ साली भाऊरावांनी साताऱ्यात शिक्षकांसाठी ट्रेनिंग कॉलेज काढले. त्यांचे पहिले हायस्कूल त्यानंतर, १९४० साली निघाले. आधी शिक्षक, मग हायस्कूल, हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. कर्मवीरांचे एखादे चरित्र प्रत्येक नव्या शिक्षकाने वाचावेच.

कोल्हापूरच्या लीलाताई पाटलांचे 'ऐलमा पैलमा शिक्षणदेवा' हेही याच सुट्टीत वाचावे. शिक्षकांना शिकवण्यात आयुष्य घालवल्यावर त्यांनी १९८५ साली 'सृजन आनंद' ही लहान मुलांची शाळा सुरू केली. इतरांना सांगितलेले स्वतः करून पाहण्याचे धाडस फार थोड्यांच्या अंगी असते.

याखेरीज टेबलावर दोन गोष्टी कायमच्या असाव्यात. एक मो. रा. वाळंबे यांचे 'सुगम मराठी व्याकरण लेखन'. फळ्यावर बाईंनी ऱ्हस्व लिहिलेले मूल आयुष्यभर ऱ्हस्वच लिहिते. दुसरी, मराठी विश्वकोश. साताऱ्याच्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी हा संसार मांडला. पहिला खंड १९७६ साली आला. आता वीसही खंड फोनवर फुकट वाचता येतात. मुलाने विचारले, "बाई, वटवाघूळ उलटे का लोंबते?" तर "गप्प बैस" म्हणण्यापेक्षा "उद्या सांगते" म्हणावे, आणि उद्या खरेच सांगावे.

यावर शिक्षकांच्या खोलीतले जुने-जाणते मंडळ हसेल. "पुस्तक वाचून कोणाला पोहता आले आहे का?" असे विचारेल. बरोबर आहे. पण कृष्णेच्या घाटावर पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबा बांधतात. डबा पोहत नाही. हातपाय पोरालाच मारावे लागतात. तरी पहिल्या उन्हाळ्यात डबा लागतो. आणि जुन्या-जाणत्यांनाही एक आठवण करून द्यावीशी वाटते. सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिरोड्याच्या खेड्यातल्या शाळेत शिक्षक होते. त्या शाळेत शिकवता शिकवता ते वाचत राहिले, लिहीत राहिले.

पुस्तके मिळायची कुठे, हा प्रश्न रास्त आहे. बहुतेक शाळांत पुस्तकांचे कपाट असते. त्याला कुलूपही असते. किल्ली कोणाकडे आहे, ते नव्या शिक्षकाने पहिल्याच आठवड्यात नम्रपणे विचारून घ्यावे. गावातल्या वाचनालयाचे सभासद व्हावे. आमच्या सांगलीचे नगर वाचनालय १८६९ सालचे. २०१९ च्या महापुरात त्याचे हजारो ग्रंथ चिखल झाले. तरी वाचनालय पुन्हा उभे राहिले, कारण लोकांना ते हवे होते. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवरचे भिलार तर २०१७ पासून पुस्तकांचे गावच झाले आहे. सुट्टीत मुलाबाळांना घेऊन स्ट्रॉबेरी खायला जाताच. तिथे दोन तास बसूनही या.

वाचताना हातात पेन्सिल असावी आणि शेजारी एक साधी वही. आज काय फसले आणि कोणते मूल आज पहिल्यांदा बोलले, या दोनच ओळी रोज लिहाव्यात. वर्षअखेर ती वही म्हणजे त्या शिक्षकाचे स्वतःचे पुस्तक होते. आणि पुढच्या जूनला शाळेत जी नवी बाई घाबरत येईल, तिला ते फार उपयोगी पडते.

परवा भाऊबीज आहे. तुमची बहीण यंदा शिक्षिका झाली असेल, तर ओवाळणीच्या ताटात यातले एखादे पुस्तक घाला. हवे तर 'बनगरवाडी'पासून सुरुवात करा. साडी द्यायची ठरवली असेल, तर तीही द्या. बाईंना दोन्ही लागते.